आधी चमक, मग रंग

नमस्कार श्रोतेहो. दसरा जवळ आला की रंगाच्या दुकानात शेडकार्ड हातोहात फिरतात आणि जो तो विचारतो, स्वयंपाकघरातल्या कपाटांना कुठला रंग शोभेल? मी म्हणेन, जरा थांबा. आधी चमक ठरवा, मग रंग. मॅट म्हणजे बिनचमकीचा हवा, सॅटिन म्हणजे मंद चमकीचा हवा की ग्लॉस म्हणजे चकचकीत, हे पहिलं. मला हे कळलं माझ्या मावशीच्या घरी, सांगलीला.

सांगली म्हणजे हळदीचं गाव. तिथल्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मावशीच्या घरात त्याच्या कितीतरी आधीपासून वर्षाची हळद डब्यात भरून ठेवायची पद्धत. मावशीने लाकडी कपाटं नवीन रंगवून घेतली होती. पांढरीशुभ्र, आणि मॅट. बघायला फार सुरेख. मी मे महिन्याच्या सुट्टीत गेले होते. दुपारी आमटीला फोडणी देता देता मावशीने ओल्या हाताने मसाल्याच्या डब्याचं कपाट लोटलं आणि दारावर पाची बोटं उमटली, पिवळीधमक.

तिने लगेच ओलं फडकं फिरवलं. डाग पसरला. मग धुण्याचा सोडा पाण्यात कालवून चोळला, आणि बघते तर काय, पिवळी बोटं लालभडक झाली! मावशीचा चेहराच उतरला. म्हणाली, "अगं, रंग जळला की काय?" तेवढ्यात तिच्या सासूबाई देवघरातून उठून आल्या. दाराकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "जळलं काही नाही. कुंकू झालंय त्याचं. हळदीला चुना लावला की काय होतं, विसरलीस?"

अगदी खरं होतं ते. हळदीतल्या पिवळ्या रंगाला सोडा, साबण, चुना, असं काहीही लागलं की तो लाल होतो. सासूबाईंनी लिंबाची फोड फिरवली, तसा डाग पुन्हा पिवळा झाला. आता पिवळा कसा काढायचा? त्या म्हणाल्या, "बिजागऱ्या खोला आणि दार गच्चीवर नेऊन ठेवा." मी आणि मावसभावाने दार वर नेलं. मे महिन्यातलं सांगलीचं ऊन. चार-पाच दिवसांत बोटं फिकी होत होत जवळजवळ दिसेनाशी झाली. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, हे त्या बाईंना हळदकुंकवाच्या साड्या वाळत घालून घालून माहीत होतं.

(जाता जाता एक सांगते. हल्ली नव्या घरांत स्वयंपाकघराला धड खिडकीच ठेवत नाहीत, हे मला मुळीच पटत नाही. जिथे दिवसातून दोनदा फोडणी तडतडते, तिथे ऊन-वारा आधी यायला हवा.)

तर मावशीच्या दारात डाग का मुरला? मॅट रंगात रंगाची पूड जास्त आणि तिला बांधून ठेवणारी राळ कमी. त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि तेल, हळद आत शिरते. ग्लॉस पुसायला सोपा, पण लाकडावरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक ओरखडा त्यात चमकून दिसतो. सॅटिन मधला. रोजच्या तेलकट हातांच्या घरात माझं मत सॅटिनला. पुन्हा सांगते: आधी चमक, मग रंग.

रंगाचं थोडक्यात. शेडकार्डावरचा चौकोन बघून ठरवू नका. फळीच्या तुकड्यावर रंगाचे दोन हात मारा आणि तो तुकडा आठ दिवस ओट्याशेजारी ठेवा. सकाळच्या उजेडात बघा, रात्री ट्यूबलाइटमध्ये बघा. पांढरा ऑइल पेंट बंद, अंधाऱ्या जागी पिवळा पडतो. पांढराच हवा असेल तर पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्या. गडद रंगावर पिठाची बोटं आणि वाळलेल्या पाण्याचे थेंब उठून दिसतात. आणि रंग निवडायचा तो रोज ओट्याशी उभं राहणाऱ्या माणसाने, मग ती बाई असो की बुवा.

घाई कराल ती कपाटांवरचं तेल काढण्यात, आणि तिथेच रंग पोपडे धरतो. सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने पुसा, नीट वाळू द्या, पॉलिश पेपर मारा, अस्तर म्हणजे प्रायमर द्या, मग रंगाचे दोन पातळ हात. सनमायका असेल तर त्यावर पकड धरणारं खास अस्तर मागून घ्या. जुना रंग असेल तर पेपर ओला करून घासा आणि मुलांना दूर ठेवा, कारण त्यात विषारी शिसं असू शकतं. 2016 सालच्या नियमांनी घरगुती रंगातल्या शिशाला दशलक्षात 90 भागांची मर्यादा घातली, पण त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही.

हाताला कोरडा लागला तरी रंग आतून कडक व्हायला काही आठवडे जातात. तोवर दारं आपटू नका, ओलं फडकं घासू नका.

मावशीने त्या दिवाळीत कपाटं पुन्हा रंगवली. वरची सायीच्या रंगाची, खालची मोरपंखी, सगळी सॅटिन. आणि मसाल्याच्या कपाटाच्या दारामागे सासूबाईंनी पेन्सिलने शेडचा नंबर लिहून ठेवला. अजून आहे तो तिथे.