तुमच्या घरी बंदूक आहे का?

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या वर्षी सहा महिने मी न्यू जर्सीत लेकीकडे होते. नात तेव्हा साडेपाच वर्षांची, किंडरगार्टनला. एका दुपारी शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकताच म्हणाली, "आजी, आज आम्ही ससे झालो होतो." म्हणजे काय गं, विचारलं, तर हाताला धरून कपड्यांच्या कपाटात घेऊन गेली. मला खाली बसवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि माझ्या तोंडावर आपला इवलासा तळवा ठेवला. बाईंनी दिवे घालवले, दार आतून बंद केलं, पडदा ओढला, आणि सगळी मुलं कोपऱ्यात भिंतीला चिकटून गप्प बसली. "बोललं की ससा सापडतो," ती म्हणाली. आणि मग अगदी सहज, "मला ते दिव्यांचे बूट नकोत. अंधारात दिसतात."

ते बूट मीच पुण्याहून नेले होते. गुलाबी. पाऊल टाकलं की टाचेत दिवे लुकलुकायचे.

तिथल्या कायद्याप्रमाणे शाळेत दर महिन्याला आगीचा एक आणि सुरक्षेचा एक असे दोन सराव घ्यावेच लागतात. ससे होणं हे त्या दुसऱ्यातलंच: कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर कसं लपायचं. जवळच्याच कनेक्टिकट राज्यात, न्यूटाउन गावी, डिसेंबर २०१२ मध्ये सॅंडी हुक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं गोळीबारात मारली गेली. मुलं सगळी सहा-सात वर्षांची. मारणारा विशीतला, आणि बंदुका त्याच्या आईच्या, रीतसर विकत घेतलेल्या. त्या आईला त्यानं आधी घरातच मारलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचा नियम वाढवायचा ठराव अमेरिकेच्या सिनेटमध्ये आला. बाजूनं ५४ मतं पडली, लागत होती ६०. तिथंच तो संपला.

स्कॉटलंडमधल्या डनब्लेनला १९९६ मध्ये शाळेतल्या गोळीबारात १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका गेल्या, तेव्हा सात लाखांवर लोकांनी सह्या केल्या आणि पुढच्या वर्षी ब्रिटननं खासगी पिस्तुलांवर बंदी आणली. अमेरिकेत तसं होईल असं मला वाटत नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क तिथं १७९१ पासून राज्यघटनेत आहे, आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क मानला. हक्क की बंदी, हा वाद माझ्या नातीची शाळा संपेपर्यंत मिटायचा नाही. मला काळजी वाटते ती त्या घरातल्या बंदुकीची.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्डचंच पाहा. नोव्हेंबर २०२१. एका बापानं पंधरा वर्षांच्या मुलासाठी नाताळची आगाऊ भेट म्हणून पिस्तूल घेतलं. चार दिवसांनी सकाळी शाळेत त्याच्या गणिताच्या कागदावर बाईंना बंदुकीचं चित्र दिसलं. शेजारी लिहिलं होतं, विचार थांबत नाहीत, मदत करा. आईवडिलांना बोलावलं. ते आले आणि मुलाला तिथंच ठेवून निघून गेले. दप्तर कुणी उघडून पाहिलं नाही. पिस्तूल त्यातच होतं. काही वेळातच चार मुलं गेली. २०२४ मध्ये ज्युरीनं आई आणि वडील, दोघांनाही सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरवलं. प्रत्येकाला किमान दहा वर्षांची कैद झाली. त्याच वर्षी मिशिगनमध्ये, घरात लहान मुलं असतील तर बंदूक कुलपात ठेवायचा कायदा लागू झाला.

हे एकच घर नव्हे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं दहा वर्षांतले शाळांमधले हल्ले अभ्यासले. बंदूक वापरणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांश मुलांनी ती आईबापाच्या नाहीतर जवळच्या नातेवाइकाच्या घरातून घेतली होती. काही घरांत ती सहज हाताला लागेल अशी पडलेली होती.

घरात बंदूक आहे का, हा प्रश्न आपल्याला सुचतच नाही. आपल्याकडे परवाना मिळता मिळत नाही, आणि निवडणूक आली की परवान्याची बंदूकसुद्धा बहुतेकदा पोलिस ठाण्यात जमा करावी लागते. पण श्रोतेहो, तुमच्यापैकी कितीतरी जणांची नातवंडं तिकडे आहेत, शाळेतल्या मैत्रिणींकडे खेळायला जाताहेत. व्हिडिओ कॉलवर "जेवलीस का" विचारता ना? एकदा मुलीला, सुनेला हेही विचारा, की नात ज्या घरी जाते तिथं बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का.

मी लेकीला म्हटलं, तर ती कावरीबावरी झाली. "आई, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का विचारतात इथं. बंदुकीचं कसं विचारू? काय म्हणतील ते?" मी म्हटलं, बाई गं, भीड भिकेची बहीण. दोन दिवस तिनं मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी पाठवला. पाच मिनिटांत त्या मैत्रिणीच्या आईचं उत्तर आलं. आहे, नवऱ्याची आहे, तिजोरीत असते, गोळ्या वेगळ्या कुलपात. आणि खाली लिहिलं होतं, बरं केलंस विचारलंस, मला आजवर कुणाला विचारायचा धीर झाला नव्हता.

शनिवारी नात तिकडे खेळायला गेली. साधे, काळे बूट घालून गेली. गुलाबी अजून खोक्यातच आहेत.