संगणक अडतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

वीजबिल भरण्यासाठी, रेल्वेचे तिकीट काढण्यासाठी किंवा सातबारा पाहण्यासाठी आपण संगणकासमोर बसलेलो असतो. अचानक सगळा पडदा लाल होतो, भोंगा वाजू लागतो आणि मोठ्या अक्षरांत सूचना झळकते, की तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, संगणक बंद करू नका, ताबडतोब खालील क्रमांकावर फोन करा. पान बंद करायची फुली कुठे दिसत नाही, आणि सूचनेवर मायक्रोसॉफ्टचे बोधचिन्हही असते. अशा वेळी भलेभले घाबरून फोन लावतात. माणूस फसतो तो पुष्कळदा असा, संगणक अडल्याच्या क्षणी, मदत शोधत असताना. म्हणूनच किरकोळ बिघाड आपले आपण ओळखता येणे हा ऑनलाइन सुरक्षिततेचा फार मोठा भाग आहे, असे मला वाटते आणि आज त्याविषयीच बोलायचे आहे.

ही लाल सूचना म्हणजे इंटरनेटवरचे एक साधे पान असते. एखाद्या जाहिरातीवर चुकून क्लिक झाले किंवा संकेतस्थळाचा पत्ता टाइप करताना एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले, की ते उघडते आणि पूर्ण पडदा व्यापते. ते नुसते दिसल्याने संगणकात व्हायरस आला असे सिद्ध होत नाही. विंडोजच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन क्रमांक कधीच नसतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच स्पष्ट केले आहे. खोटी सूचना ओळखायला ही एक खूण पुरेशी आहे. कीबोर्डवरील एस्केप हे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे पडदा बहुधा पूर्ववत होतो आणि पान बंद करता येते. तसे न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबावीत. चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारा टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ब्राउझरचे, म्हणजे संकेतस्थळे दाखवणाऱ्या प्रोग्रामचे, नाव निवडून एंड टास्क करावे. ब्राउझर पुन्हा सुरू केल्यावर तो आधीची पाने उघडू का असे विचारतो, तेव्हा नकार द्यावा, नाहीतर तेच पान परत समोर येईल.

आता खऱ्या बिघाडांकडे वळू. संगणक संथ झाला की तो बंद करून पुन्हा चालू करण्याचा सल्ला सगळेच देतात, पण त्यातली एक मेख फार थोड्यांना ठाऊक असते. विंडोज ८ पासून बहुतेक संगणकांत फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. तिच्यामुळे शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्णपणे मिटत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू होता यावे म्हणून त्याची त्या वेळची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते. परिणामी, रोज रात्री संगणक बंद करणाऱ्या माणसाकडेही जुनी अडचण तशीच राहू शकते. रीस्टार्ट हा पर्याय निवडला, तर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. प्रिंटर रुसला, आवाज येईनासा झाला, वायफाय जोडले जात नाही, अशा तक्रारींवर पहिला उपाय म्हणून रीस्टार्टच करावे.

दुसरा बिघाड जुन्या संगणकांत हमखास आढळतो आणि तो विनाकारण घाबरवतो. बँकेचे संकेतस्थळ उघडायला जावे, तर जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. दुसरे, तिसरे संकेतस्थळही तेच सांगते. अशा वेळी आधी कोपऱ्यातील तारीख आणि घड्याळ पाहावे. संगणक बंद असतानाही वेळ चालू राहावी म्हणून मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य पट्टीवर, नाण्याएवढा एक सेल असतो. तो उतरला की तारीख कित्येक वर्षे मागे जाऊ शकते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे त्याची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र असते, त्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि चुकीच्या तारखेमुळे ब्राउझरला ते प्रमाणपत्र अवैध वाटते. तारीख दुरुस्त करावी आणि सेल बदलून घ्यावा. तो स्वस्तात मिळतो. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल, तर मात्र तो गंभीर समजावा आणि त्या संकेतस्थळावर पासवर्ड मुळीच टाकू नये.

एवढे करूनही अडचण सुटली नाही, तर बाहेरची मदत घ्यावी लागते, आणि खरा धोका इथे आहे. आपण गूगलवर कस्टमर केअर असे शोधतो आणि पहिला दिसेल तो क्रमांक फिरवतो. पण असे क्रमांक भामटेही तिथे पेरून ठेवतात. बँकेचा क्रमांक डेबिट कार्डाच्या मागच्या बाजूवरून किंवा पासबुकावरून घ्यावा, आणि यंत्राच्या कंपनीचा क्रमांक वॉरंटी कार्डावरून. फोनवरचा माणूस एखादे अ‍ॅप घ्या आणि त्यावर दिसणारा आकडा मला सांगा म्हणू लागला, तर संभाषण तिथेच थांबवावे. दूर बसून दुसऱ्याचा संगणक हाताळण्याची ही साधने मुळात उपयुक्त आणि कायदेशीर आहेत. पण तो आकडा अनोळखी माणसाला देणे म्हणजे घराची किल्ली त्याच्या हाती ठेवणे होय. एनीडेस्क या अशाच एका अ‍ॅपचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. तसेच, पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन टाका असे कोणी सांगितले, तर ते खोटे आहे, कारण पैसे घेताना पिन लागत नाही.

आणि तरीही फसवणूक झाली तर? घरच्यांनी, विशेषतः तरुण मुलांनी, त्या वेळी रागावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. रागावण्याच्या भीतीने वडीलधारी माणसे घडलेले लपवतात, आणि पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकत असतात. सर्वप्रथम संगणकाचे इंटरनेट तोडावे. मग दुसऱ्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे आणि लगोलग बँकेला सांगून खात्यावरचे व्यवहार थांबवावेत. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर करता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराविषयी बँकेकडून समजल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर तोट्याचा भार येत नाही. ग्राहकाने स्वतःच पासवर्ड किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. कळवल्यानंतरचे नुकसान बँकेकडे जाते. म्हणून अशा प्रसंगी एकेक मिनिट मोलाचे असते. कळवल्यावर तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि ईमेल व बँकेचे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, सुरक्षित यंत्रावरूनच बदलावेत.

नमस्कार.