बिजागरी चार सेंटीमीटरची

श्रोतेहो, नमस्कार. झाड आडवं करणं वेगळं आणि त्यातून विकण्याजोगा ओंडका काढणं वेगळं. खोडाचा सर्वांत जाड आणि कमी गाठींचा भाग जमिनीलगत असतो, म्हणून किमतीचा मोठा वाटा बुंध्याच्या ओंडक्यात. काप चुकला की तडा जातो तोही नेमका त्यालाच.

साखळी करवत सुरू करण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारा. कल कुठे आहे, शेंड्याचा भार कुठल्या बाजूला आहे, वाळकी फांदी लटकते आहे का, ते पाहा. कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, खोडावर ठोका. पोकळ खोड घुमतं. झाड पडणार तिथे दगड किंवा खुंट नको, त्यावर आपटलं तर खोड मधोमध मोडतं. पळायची वाट आधीच साफ करा. ती सरळ मागे नको, तिरकी, 45 अंशांत हवी, कारण पडताना बुंधा सरळ मागे उसळू शकतो. बाकीची माणसं झाडाच्या दुप्पट उंचीएवढी लांब.

आता 40 सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे साधारण 125 सेंटीमीटर घेराचं झाड धरू. पडण्याच्या बाजूला 8 ते 10 सेंटीमीटर खोल खाच घ्या. वरचा तिरका काप आणि खालचा आडवा काप एकाच रेषेत मिळायला हवेत. एखादा काप पुढे घुसला, तर ती अरुंद फट खाचेच्या आधी मिटते, झाड अडतं आणि खोडाला चीर जाऊ शकते.

मागचा काप खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर घ्या आणि पार नेऊ नका. मधे 4 सेंटीमीटरची, म्हणजे व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी राखायची. हीच बिजागरी, झाडाला दिशा देते ती हीच. फार पातळ झाली तर झाड मन मानेल तिकडे जातं. जाड राहिली तर पडताना ओंडक्याच्या गाभ्यातून लांब चिरफळ्या उपटून खुंटावर राहतात, आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या ओंडक्याचा भाव पडतो. किमती लाकडात जाणकार तोड्या खाचेतून करवतीचं टोक घालून बिजागरीचा फक्त मधला भाग कापतो. दोन्ही कडा दिशा धरून ठेवतात. नवशिक्याने हे एकट्याने करू नये. पात्याच्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागली, तर करवत तोंडाकडे उसळते.

पुढे बराच झुकलेल्या झाडाला मागून कापत जाणं सर्वांत घातक. काप पुरा होण्याआधीच खोड उभं फाटतं आणि मागचा फाळका वर उसळतो. अशा झाडात आधी बिजागरी राखून पातं आरपार घाला, मागे कापत या, शेवटी थोडं लाकूड ठेवा. ते सर्वांत शेवटी तोडा आणि निघा. काप मिटू नये म्हणून त्यात ठोकायची पाचर प्लास्टिकची वापरा. लोखंडी पाचरीला करवत लागली की साखळीचे दात गेले.

पडलेल्या खोडाचे तुकडे करताना मागणीच्या लांबीवर 10 सेंटीमीटर जास्त ठेवा. खोड दोन्ही टोकांना टेकून मधे अधांतरी असेल, तर वरून तिसरा हिस्सा कापा, मग खालून. एकच टोक लोंबत असेल, तर आधी खालून. क्रम उलटला, तर शेवटच्या क्षणी ओंडका फाटतो. कापलेल्या टोकांना त्याच दिवशी मेण किंवा रंग लावा, कारण ओलावा टोकांतूनच भराभर जातो आणि तडे तिथूनच सुरू होतात.