एक कोपरा की चारही?
(नाशिकमधल्या छायाचित्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

‘कोणती लेन्स चांगली?’ असं मला नेहमी विचारतात. मी उलट विचारतो, तुमच्या हातातली कशी आहे ते पाहिलंत का? एकाच मॉडेलच्या दोन लेन्स हुबेहूब सारख्या निघत नाहीत. आतल्या अनेक काचांपैकी एखादी केसभर सरकली किंवा कलली, तर मधला भाग झकास येतो आणि एखादा कोपरा मऊ पडतो.

कंपन्या एमटीएफचे आलेख छापतात. सेन्सरवर एका मिलिमीटरमध्ये काळ्या-पांढऱ्या रेघांच्या १० किंवा ३० जोड्या पडल्या, तर त्यांच्यातला किती भेद टिकतो, ते त्यात दिसतं. आडव्या अक्षावर केंद्रापासूनचं अंतर. फुल फ्रेमचा, म्हणजे ३६ × २४ मिमीच्या सेन्सरचा, कोपरा २१.६ मिमीवर. झाइस ही जर्मन लेन्स कंपनी प्रत्यक्ष मोजलेले आलेख देते, बऱ्याच कंपन्या आराखड्यावरून संगणकानं काढलेले. म्हणून दोन कंपन्यांचे आलेख शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही. आणि तुमची लेन्स त्या आलेखात नाहीच.

घरी करायची चाचणी अशी. भिंतीवर वर्तमानपत्राची पानं सपाट चिकटवा, मधोमध छोटा आरसा भिंतीला टेकवून लावा. कॅमेरा ट्रायपॉडवर. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर आलं, की कॅमेरा भिंतीला समांतर झाला. हे न करता कोपरे तपासणं म्हणजे लेन्सची नाही, स्वतःच्या ट्रायपॉडची परीक्षा घेणं! आरसा काढा, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे पडद्यावरचं थेट दृश्य, मोठं करून मध्यावर हातानं फोकस करा, टायमर लावा, फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात, घ्या. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, पूर्ण उघडं ठेवा. दोष तिथेच उघडा पडतो.

आता चारही कोपरे पाहा. चारही सारखेच मऊ असतील, तर तो लेन्सच्या रचनेचा स्वभाव. कोपऱ्यावर फोकस करून पाहा. कोपरा स्वच्छ झाला आणि मध्य बिघडला, तर फोकसचं प्रतल सपाट नसून वक्र आहे, इतकंच. पण तीन कोपरे छान आणि एकच खराब असेल, तर तुमच्या वाट्याला आलेला नगच बिघडलेला. बदलून देण्याच्या मुदतीत दुकान गाठा.

वाइड लेन्सला मात्र भिंत पुरत नाही. जवळ आणि दूर ती वेगळी वागते. रामशेज किल्ल्याचे फोटो काढणाऱ्यांनी दूरच्या इमारतीची एकच खिडकी आळीपाळीनं चारही कोपऱ्यांत आणून पाहावी.

नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात पक्षी टिपणाऱ्यांसाठी खास सांगतो. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून तिथे दूरचं जवळ आणणाऱ्या मोठ्या टेलिफोटो लेन्स बऱ्याच दिसतात. ऊन चढलं की पाण्यावरची, शेतावरची हवा थरथरते. एक लेन्स सकाळी सातला, दुसरी अकराला वापरून केलेली तुलना फुकट. अंतर तेच, प्रकाश तोच, आणि दोन्ही फोटो सारखेच उजळ करून बघा. जरा उजळ फोटो डोळ्याला उगाच जास्त शार्प वाटतो.

एफ १६ वर, म्हणजे ॲपर्चर खूप बारीक करून, तुलना करू नका. तिथे विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बिंदूची चकती सुमारे २१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होते, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर तीन पिक्सेलांहून रुंद. महागडी आणि स्वस्त, दोन्ही तिथे जवळपास सारख्याच दिसतात.

मागच्या टेबलावर ५० मिमीच्या दोन लेन्स ठेवल्यात, भिंतीवर पेपर लावलाय. नावं झाकलीत. या, ओळखा.