एअर इंडियाची इमारत, नरिमन पॉइंट

मरीन ड्राइव्ह दक्षिणेला जिथे संपतो, तिथे ही २३ मजली इमारत उभी आहे. एका बाजूला ओबेरॉय, दुसऱ्या बाजूला चालत पाच-सात मिनिटांवर मंत्रालय. आणि पायाखाली समुद्र बुजवून केलेली जमीन.

आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन बर्गी यांचा. १९७४ साली इमारत पूर्ण झाली, तेव्हा एअर इंडियाचे अध्यक्ष होते जेआरडी टाटा. माथ्यावर धनुर्धारी बसवला: कमरेवर माणूस, कमरेखाली घोडा. रात्री लाल दिव्यांत तो पार चौपाटीवरून दिसायचा.

आतला थाट वेगळाच. हुसेन, रझा, गायतोंडे यांना फारसं गिऱ्हाईक नव्हतं, त्या काळापासून ही कंपनी चित्रं घेत होती. मोबदला कधी पैशांत, कधी चक्क विमानाच्या तिकिटांत! चित्रकाराला परदेश बघायला मिळे, कंपनीला भिंतीवर चित्र. असा संग्रह सरकारी कंपनीकडे जमला, हे आज खरं वाटत नाही.

१२ मार्च १९९३. शेअर बाजारातल्या स्फोटानंतर तासाभराने इथेही मोटारीत ठेवलेला बॉम्ब फुटला. माणसं गेली, खालचे मजले उद्ध्वस्त झाले. सांगाडा मात्र उभा राहिला.

खरी पडझड नंतरची, ताळेबंदातली. २०१३ साली मुख्यालय दिल्लीला गेलं. मजले भाड्याने निघाले. २०२२ मध्ये विमानं टाटांकडे परतली, पण ही इमारत त्या व्यवहारात नव्हती. ती केंद्राच्या वेगळ्या कंपनीकडे राहिली, कर्ज फेडायला विकण्यासाठी.

गिऱ्हाईक शेजारीच होतं, मंत्रालयातलं राज्य सरकार. जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, आणि खाती शहरभर पांगली. एका फाइलीच्या सहीसाठी गावाकडून आलेल्या माणसाने कुठल्या इमारतीत जायचं, हे दारावरच्या पोलिसाला विचारावं लागे. एलआयसी आणि जेएनपीटी (न्हावा-शेवा बंदर चालवणारी संस्था) याही इच्छुक होत्या, पण २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खरेदीला मंजुरी दिली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने होकार दिला. किंमत १,६०१ कोटी. शिवाय राज्याने आपलं २९८ कोटी ४२ लाखांचं येणं सोडून दिलं.

हे येणं कसलं? तर जमिनीपोटीचं. कारण इमारतीखालची जमीन मुळात राज्य सरकारचीच, भाडेपट्ट्याने दिलेली.