परदेश प्रवासातील पैसा: दर कोण ठरवतो?

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

परदेशी जाताना पैसे कसे न्यावेत, हा प्रश्न गोमंतकाला नवा नाही. बोटीवर जाणारे तारवटी, आखातात नोकरी करणारे, लिस्बनला किंवा इंग्लंडला स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणारे आईवडील अशी माणसे आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक वाड्यावर सापडतात. एकेकाळी या प्रश्नाचा अर्थ ‘परकीय चलन मिळेल का’ असा होता. 1973 च्या ‘फेरा’ या परकीय चलनविषयक कायद्याच्या अमलात चलन मोजूनमापून मिळे आणि त्यासाठी अर्जविनंत्या कराव्या लागत. त्या कायद्याची जागा 1 जून 2000 पासून ‘फेमा’ने घेतली. 2004 मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी पैसे नेण्या-पाठवण्यासाठी उदारीकृत प्रेषण योजना आणली, तेव्हा तिची वार्षिक मर्यादा 25,000 डॉलर होती. आज ती प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे. सहलीला निघालेल्या सामान्य कुटुंबाला ही मर्यादा कधीच आडवी येत नाही. त्यामुळे आज विचारायचा प्रश्न वेगळा आहे: रुपयाचे युरो किंवा दिरहॅम होताना मधल्या मधे किती पैसे गळतात, आणि ती गळती कोणाच्या हातात असते?

पणजीत किंवा कळंगुटला पैसे बदलून देणाऱ्या दुकानाबाहेरचा फलक आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्यावर प्रत्येक चलनापुढे दोन आकडे असतात, एक खरेदीचा आणि एक विक्रीचा, आणि खाली बहुधा ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ‘कमिशन नाही’. ते वाक्य खोटे नसते, पण त्याला फारसा अर्थही नसतो, कारण दुकानदाराची कमाई त्या दोन आकड्यांमधल्या अंतरात आधीच बसवलेली असते. समजा, बाजारातला मधला दर 100 रुपयांना एक युरो असा आहे आणि फलकावर खरेदी 96 व विक्री 103 लिहिली आहे. तर आपण युरो घेताना तीन रुपये आणि उरलेले परत विकताना चार रुपये दिले, मग पावतीवर कमिशनचा रकाना कोरा असो वा नसो. म्हणून दुकानात ‘कमिशन किती’ असे न विचारता, ‘हजार युरो माझ्या हातात पडेपर्यंत एकूण रुपये किती जातील’ असे विचारावे आणि तेच उत्तर दोन-तीन ठिकाणांहून घ्यावे. त्यात जीएसटीही यायला हवा. तो एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर 0.18 टक्के, पण किमान 45 रुपये इतकाच असतो, तेव्हा कर जास्त म्हणून दर वाईट, ही सबब कोणी पुढे केली तर ऐकू नये. किनाऱ्यालगतच्या अशा अनेक दुकानांना विदेशी नोटा विकत घेण्याचीच परवानगी असते, आपल्याला विकण्याची नसते. प्रवासासाठी चलन घ्यायचे ते बँकेकडून किंवा पूर्ण परवानाधारक विनिमयदाराकडूनच, आणि पावती जपून ठेवावी. विमानतळावरच्या खिडकीबद्दल एवढेच सांगतो की मोपावर असो वा दाबोळीला, ज्या ग्राहकाजवळ दुसरे दुकान शोधायला वेळ नाही त्याला चांगला दर देण्याचे कारण कोणालाच नसते.

रोख किती न्यावी, याला कायद्याचे एक उत्तर आहे आणि व्यवहाराचे दुसरे. कायद्याने बहुतेक देशांच्या एका प्रवासाला नोटांच्या रूपात 3,000 डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे चलन नेता येते. उरलेली रक्कम कार्डावर किंवा बँकेमार्फत न्यावी लागते. परकीय चलन घेताना रुपये रोखीने द्यायचे तर व्यवहार 50,000 रुपयांच्या आत असावा लागतो. भारतीय नोटा 25,000 रुपयांपर्यंत बरोबर नेता येतात; परतल्यावर घरी पोहोचण्यापुरते पैसे जवळ असावेत, यासाठी त्यांचा उपयोग. व्यवहाराचे उत्तर मात्र देशागणिक बदलते. लंडनच्या बसमध्ये 2014 पासून रोख पैसे चालतच नाहीत, स्वीडनमध्ये नोट दाखवली तर दुकानदार चक्रावतो, आणि जर्मनीत वा जपानमध्ये अजूनही लहान भोजनालयात रोख मागणारा मालक भेटतो. जपानमध्ये टपाल कार्यालयांतल्या आणि सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून परदेशी कार्डावर येन निघतात, हे ठाऊक असले की इथून येनच्या थप्प्या नेण्याचे कारण उरत नाही. इंडोनेशियासारख्या देशात जायचे असेल, जिथले चलन आपल्याकडे सहज मिळत नाही, तर शंभर डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्याव्यात. तिथले विनिमयदार डाग पडलेली, शाई लागलेली नोट परत करतात आणि लहान नोटांना कमी दर देतात.

दुबईला जाणाऱ्यांची एक सवय मात्र सुटली पाहिजे. दिरहॅम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. म्हणून डॉलर नेले तरी सारखेच, असे पुष्कळांना वाटते. बांधलेला आहे तो दोन चलनांमधला अधिकृत दर. दुकानदाराचा फरक त्याने बांधलेला नाही. रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे दिरहॅम असे दोनदा बदलले की गळतीही दोनदा होते. थेट दिरहॅम घ्यावेत.

नोटांच्या बाबतीत आपल्या घरांतली आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. इंग्लंडहून आलेल्या आप्तांनी कधीकाळी दिलेले पौंड कपाटात जपून ठेवलेले असतात आणि निघताना मोठ्या विश्वासाने पाकिटात घातले जातात. कागदी वीस आणि पन्नास पौंडांच्या नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर तिथल्या दुकानात चालत नाहीत. बँक ऑफ इंग्लंड त्या बदलून देते, पण आठवड्याच्या मुक्कामात त्यासाठी खेटे घालणे कोणाला परवडणार? पोर्तुगालमध्ये तर तेही दार बंद झाले: जुन्या एस्कुदोच्या नोटा बदलून घेण्याची मुदत 28 फेब्रुवारी 2022 रोजी संपली. त्या आता संग्राहकांच्या कामाच्या.

आता कार्डांकडे वळतो, कारण खरी रक्कम आज कार्डांवरूनच खर्च होते. क्रेडिट किंवा डेबिट कार्ड परदेशात वापरले की व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या जाळ्याचा त्या दिवसाचा दर लागतो, जो बाजारातल्या मधल्या दराच्या बराच जवळ असतो. त्यावर आपली बँक मार्कअप, म्हणजे स्वतःचा जादा आकार, लावते, जो बहुधा दोन ते साडेतीन टक्के असतो, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी बसतो. हा मार्कअप न लावणारी कार्डेही आता मिळतात, आणि वर्षातून एकदा जरी परदेशी जाणे होत असेल तरी असे एक कार्ड काढून ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख मात्र काढू नये. तिथे शुल्क तर लागतेच, शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते, महिनाभराची सवलत मिळत नाही.

या सर्व हिशेबावर पाणी पाडणारा एक क्षण असतो आणि तो फार तर पाच सेकंदांचा असतो. लिस्बनच्या हॉटेलात आपण 200 युरोचे बिल देण्यासाठी कार्ड यंत्रात घालतो आणि पडद्यावर दोन पर्याय उमटतात: युरोची रक्कम आणि रुपयांची रक्कम. रुपये आपल्या ओळखीचे, आकडा लगेच कळतो, काउंटरवरचा मनुष्यही हसून तिकडेच बोट दाखवतो. पण रुपये निवडले की दर ठरवण्याचा अधिकार कार्डाच्या जाळ्याकडून त्या दुकानाच्या यंत्रामागच्या कंपनीकडे जातो. हिशेबाच्या सोयीसाठी युरो 100 रुपयांना धरू. युरो निवडले तर 20,000 रुपये, त्यावर दोन टक्के मार्कअपचे 400 आणि जीएसटीचे 72, म्हणजे 20,472 रुपये जातील. रुपये निवडले आणि यंत्राने 106 चा दर लावला, तर 21,200 रुपये तिथेच गेले. वर परदेशातल्या रुपयांतील व्यवहारावर काही बँका वेगळे शुल्क घेतात, ते निराळे. एका बिलात सातशेहून अधिक रुपये एका बोटाच्या स्पर्शाने गेले आणि पावतीवर ते तोटा म्हणून कुठेही दिसत नाहीत. एटीएमही हाच प्रश्न विचारते, पण अधिक भेदरवणाऱ्या भाषेत: रूपांतर स्वीकारा किंवा नाकारा. नाकारले तर पैसेच येणार नाहीत, अशी भीती वाटून माणसे स्वीकारतात. नाकारल्याने व्यवहार रद्द होत नाही. फक्त तो स्थानिक चलनात होतो. ते बटण निःशंकपणे दाबावे.

फॉरेक्स कार्डाचा, म्हणजे निघण्यापूर्वी परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डाचा, गुण असा की त्याचा दर आपण पैसे भरतो त्या दिवशीच पक्का होतो, ते आपल्या बचत खात्याशी जोडलेले नसते आणि संपले तर घरून मुलगा किंवा सून त्यात पुन्हा रक्कम भरू शकते. शिकायला गेलेल्या मुलांसाठी आणि ज्यांना रुपया घसरण्याची धास्ती वाटते त्यांच्यासाठी ते उत्तम. मात्र कार्डावर डॉलर भरले आणि खर्च युरोत केला, तर मधल्या बदलाचे शुल्क पुन्हा पडते. हॉटेल किंवा भाड्याची मोटार घेताना अनामत म्हणून जी रक्कम अडवून ठेवतात, ती फॉरेक्स कार्डावर अडकली तर कित्येक दिवस सुटत नाही, आणि मोटार देणारे पुष्कळदा असे कार्ड घेतही नाहीत. अनामतीला क्रेडिट कार्डच पुढे करावे.

यूपीआय परदेशात चालते का, हे मला प्रत्येक सभेत विचारतात. काही ठिकाणी चालते. श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये फेब्रुवारी 2024 मध्ये ही सोय सुरू झाली, त्याच महिन्यात पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठीही. संयुक्त अरब अमिरातीत आणि नेपाळमध्येही ती आहे. पण अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार वेगळे सुरू करावे लागतात आणि दरात बँकेचा हिस्सा असतोच. तिला पूरक समजावे, आधार समजू नये.

आपली कार्डे मुळात फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असतात, कारण रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2020 पासून तसा नियम लागू केला. परदेशातला वापर आपण स्वतः अ‍ॅपमधून सुरू करायचा असतो आणि रोजची मर्यादाही तिथेच ठरवायची असते. हे काम घरी बसून, चहा घेत करावे. आपला भारतीय मोबाइल क्रमांक चालू ठेवावा, कारण ओटीपी त्यावरच येतो. दोन वेगळ्या बँकांची, शक्य तर दोन वेगळ्या जाळ्यांची कार्डे न्यावीत आणि ती एकाच पाकिटात ठेवू नयेत. कार्ड बंद करण्याचा बँकेचा क्रमांक कागदावर लिहून पतिपत्नींनी आपापल्या बॅगेत ठेवावा, कारण फोन चोरीला गेला तर फोनमधला क्रमांकही त्याच्याबरोबर जातो.

कराबद्दल थोडक्यात. एका आर्थिक वर्षात उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रवासासाठी 10 लाख रुपयांपेक्षा अधिक रकमेचे चलन घेतले, तर वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे चलन घेतानाच वसूल होणारा आगाऊ प्राप्तिकर, कापला जातो. मर्यादा प्रत्येक पॅनला स्वतंत्र आहे. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च सध्या यात धरत नाहीत. पर्यटन कंपनीच्या पॅकेजला मात्र वेगळा नियम आहे आणि तिथे ही 10 लाखांची सूट मिळत नाही. कापलेली रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरताना ती करात वळती होते किंवा परत मिळते.

परतल्यावर उरलेले चलन 180 दिवसांच्या आत बँकेत किंवा विनिमयदाराकडे जमा करायचे असते; 2,000 डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. नाण्यांना मर्यादा नाही, पण ती इथे कोणी बदलूनही देत नाही, तेव्हा ती परतीच्या विमानतळावरच्या कॉफीतच संपवावीत. आणि बोटीवरून सुट्टीवर येणाऱ्या बांधवांसाठी मुद्दाम सांगतो: जवळच्या विदेशी नोटा 5,000 डॉलरहून अधिक असतील, किंवा नोटा आणि प्रवासी धनादेश मिळून 10,000 डॉलरहून अधिक, तर विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे चलन घोषणापत्र भरून त्याची शिक्का मारलेली प्रत घ्यावी, ती रक्कम पुढे बँकेत भरताना किंवा पुन्हा बाहेर नेताना तोच कागद मागतात.