पांढरं घ्या, रंग घरी लावा

मंडळी, विषय सगळ्यांना माहीत आहे, फ्लायसाठी, म्हणजे मासा पकडायला गळावर बांधतो त्या नकली किड्यासाठी, लागणारं स्ट्रेची सिंथेटिक मटेरियल घरी कसं रंगवायचं. रेसिपी सांगणार आहे, नक्की सांगणार, पण त्याआधी एक गोष्ट बोलायचीच आहे कारण ती डोक्यात बसली नाही तर रेसिपी घेऊन काहीच उपयोग नाही. हातातला धागा कशाचा बनलाय हे कळल्याशिवाय रंगाची पुडी उघडू नका.

आता माझी तक्रार. आपण बाहेरून पाकीट मागवतो, दीड वितीचं, आत मोजून काही धागे, त्यावर शिपिंग, वर कस्टम्स, आणि पाकिटावर काय लिहिलेलं असतं? एक झकास नाव आणि उडी मारणाऱ्या माशाचं चित्र. कशाचं बनलंय ते कुठेच नाही! अहो साध्या लेगिंगच्या लेबलवर लिहितात, 95 टक्के कॉटन 5 टक्के स्पॅन्डेक्स. मी एका विक्रेत्याला विचारलं होतं की बाबा हे नायलॉन आहे, स्पॅन्डेक्स आहे की सिलिकॉन, तर उत्तर आलं, "सर, इट इज व्हेरी स्ट्रेची." ते मलाही दिसत होतं, ताणून बघितलं होतं मी. परत विचारलं तर दुसऱ्या रंगांची यादी पाठवली. ऑलिव्ह नव्हताच त्यात. हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर ट्राउट माशासाठी स्टोनफ्लाय या किड्याची निम्फ, म्हणजे पाण्यात राहणारं पिल्लू, बांधायची तर ऑलिव्ह आणि ब्राऊन हवा, आणि मिळतो काय तर भडक पिवळा. मला खरंच राग येतो याचा, कारण नवीन पोरं इथेच वैतागून सोडून देतात. मटेरियल महाग, हवा तो रंग नाही, आणि रंगवायला जावं तर हा धागा कुठला रंग घेईल ते सांगणारं कोणी नाही.

फ्लायला रबराचे पाय ही काही आजची फॅशन नाही. अमेरिकेत मोंटानामध्ये गर्डल बग नावाची फ्लाय फार जुनी आहे, बायकांच्या गर्डलमधले, म्हणजे कंबरेच्या घट्ट अंतर्वस्त्रातले, इलास्टिकचे धागे काढून तिचे पाय केले होते. म्हणजे घरात जे आहे ते वापरायचं ही आपल्या या छंदाची मूळ रीत आहे! मग 1958 साली ड्यूपॉन्टच्या जोसेफ शिव्हर्सने व्हर्जिनियात वेन्सबरोच्या लॅबमध्ये स्पॅन्डेक्स बनवला, ज्याला आपण लायक्रा म्हणतो तो. पॉलियुरेथेनच आहे तो, काही भाग कडक काही मऊ, मऊ भाग ताणला जातो आणि कडक भाग त्याला परत ओढून आणतो. रंग शिरतो तो मुख्यतः मऊ भागात, चटकन शिरतो आणि तितकाच चटकन बाहेरही येतो, म्हणून कपड्याच्या मिलवाल्यांना त्याचा त्रास होतो. पण आपल्याला नाही होत! फ्लाय कोणी वॉशिंग मशीनमध्ये टाकत नाही, ती थंड पाण्यात राहते. मिलची अडचण ती आपली अडचण नाही, आणि हे समजलं की अर्धी भीती जाते.

आता तुळशीबागेत जा. मण्यांच्या ब्रेसलेटसाठी पांढरं चपटं इलास्टिक मिळतं बघा, नखाने उकललं की बारीक तंतू सुटतात. तोच स्पॅन्डेक्स, पाकिटातल्या फ्लॉसचाच, म्हणजे त्या महागड्या ताणणाऱ्या धाग्याचाच, भाऊ. अख्खं रीळ घ्या. गोल, काचेसारखं पारदर्शक इलास्टिक असतं ते वेगळं, ते पाय म्हणून फार ताठ वाटतं मला.

ओळखायचं कसं? एक तुकडा चिमट्यात धरून गॅलरीत, म्हणजे मोकळ्या हवेत, जाळा. सिलिकॉन जळून पांढरी राख राहते. रबर काळा धूर काढतं आणि टायर जळल्याचा वास येतो. नायलॉन, पॉलिएस्टर, स्पॅन्डेक्स वितळतात. आणि पाण्यावर तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, त्याच्या नादी लागू नका, त्यात रंग धरायला जागाच नाही, कारखान्यात वितळलेला असतानाच रंगवतात त्याला. सिलिकॉनचंही तेच, सिलिकॉनचे पाय रंगीतच विकत घ्या.

वेळ किती राहिला? दहा मिनिटं? पाच! बरं, मग भराभर घ्या लिहून.

नायलॉन आधी, कारण सगळ्यात सोपं. त्याला ॲसिड डाय, म्हणजे आंबट पाण्यात बसणारा रंग, लागतो आणि तो तुमच्या स्वयंपाकघरात आहे. जिलबीत घालतात तो, बरोबर, खायचा रंग! टार्ट्राझिन म्हणजे ॲसिड यलो 23, कार्मोसिन म्हणजे ॲसिड रेड 14, ब्रिलियंट ब्लू म्हणजे ॲसिड ब्लू 9. पाण्यात रंग, दोन-तीन चमचे व्हिनेगर, 80 ते 90 डिग्री, अर्धा तास, पाणी जवळजवळ स्वच्छ झालं की झालं. ऑलिव्हसाठी हिरव्यात थोडा केशरी, अगदी थोडा.

स्पॅन्डेक्सला यातले रंग कधी बसतात कधी फिकेच राहतात, कंपनीप्रमाणे फरक पडतो, म्हणून डिस्पर्स डाय घ्या, पॉलिएस्टरसाठी विकतात तो. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, 60 ते 70 डिग्री, वीस मिनिटं, उकळी अजिबात नाही, उकळीने ताण मरतो. धागा सैल सोडा, कार्डावर ताणून गुंडाळू नका. फिका करायला ब्लीच नको, क्लोरीन स्पॅन्डेक्स खातं. ओला असताना गडद दिसतो, सुकल्यावर ठरवा.

पॉलिएस्टरला मिलमध्ये 130 डिग्री आणि प्रेशर देतात. कुकरमध्ये करू का असं कोणीतरी विचारणारच, नको, साधारण 120 पर्यंतच जातो आणि त्या कुकरमध्ये नंतर डाळ शिजवता येणार नाही. डाय करायचं भांडं, चमचा, थर्मामीटर सगळं वेगळं ठेवा, आणि डिस्पर्स पावडर हाताळताना मास्क आणि ग्लोव्हज घालाच. खायच्या रंगांनासुद्धा हाच नियम लावा, सवय एकच राहते.

पायांवर पट्टे हवे असतील तर पर्मनंट मार्कर, धागा थोडा ताणून, सोडल्यावर पट्टे जवळ येतात आणि गडद होतात. रंगवलेलं मटेरियल उन्हात ठेवू नका, बंद डब्यात ठेवा. ब्राऊनचं प्रमाण राहिलंच, ते चहाच्या वेळी विचारा, मी आहे. पांढऱ्या इलास्टिकची रिळं मागच्या टेबलावर ठेवलीत, प्रत्येकाने हातभर कापून न्या आणि घरी आधी एकच धागा रंगवून बघा.